फाईलमधल्या दोन आकड्यांविषयी: हृदयरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
हृदयविकाराच्या झटक्यावरील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या समित्या
आणि अँजिओप्लास्टी करणाऱ्या सर्व रुग्णालयांचे हृदयरोग विभाग

विषय: झटक्यानंतर रक्तातील दाह दाखवणाऱ्या तपासण्यांची नोंद आणि पाठपुरावा

सन्माननीय महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात एका रुग्णालयाकडून मला तीन ओळींचे उत्तर आले. माझ्या मोठ्या भावाच्या रक्तातील दाह, म्हणजे इजेनंतर शरीराच्या संरक्षक यंत्रणेने दिलेली प्रतिक्रिया, दाखवणारे आकडे त्याच्या डिस्चार्ज कार्डावर का लिहिले गेले नाहीत, असे मी लेखी विचारले होते. हे घटक सध्याच्या जोखीम-मापन पद्धतीत येत नसल्यामुळे त्यांची वेगळी नोंद ठेवली जात नाही आणि तशी ठेवण्याचा विचारही नाही, असे मला कळवण्यात आले. उत्तराची भाषा सभ्य होती आणि त्यातली माहिती खरी होती. नेमके त्यामुळेच मला ते स्वीकारून गप्प बसता येत नाही, कारण सगळे नियम पाळूनही जे राहून जाते त्याचा दोष एकट्या रुग्णालयाच्या माथी मारता येत नाही. म्हणून त्या रुग्णालयाचे नाव मी इथे घेत नाही. हे पत्र नियम ठरवणाऱ्यांना आणि ते पाळणाऱ्यांना, दोघांनाही आहे.

भाऊ ५४ वर्षांचा होता. पहाटे छातीत कळ आली, डावा हात भरून आला आणि घाम फुटला. ईसीजी पाहताच डॉक्टरांनी त्याला थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, नेले. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी धमनी पूर्ण बंद होती. रुग्णालयाच्या दारातून आत नेल्यापासून ७० मिनिटांत ती उघडली गेली आणि स्टेंट बसला. त्या पहाटे ज्यांनी हे केले त्यांचे ऋण आमचे कुटुंब कधीही विसरणार नाही, हे मी कोणत्याही तक्रारीच्या आधी लिहून ठेवते. पाचव्या दिवशी तो घरी आला. हृदयाचे पंपिंग ४५ टक्के आहे, गोळ्या चुकवू नका आणि सहा आठवड्यांनी दाखवायला या, असे सांगण्यात आले होते. घरी आल्यावर जिना चढताना लागणारी धाप आणि संध्याकाळी पायांवर येणारी सूज ‘अशक्तपणा’ या एका शब्दात आम्हीच निकालात काढत राहिलो. घरी आल्यापासून चौतिसाव्या दिवशी, ठरलेल्या तपासणीला आठ दिवस उरले असताना, हृदय निकामी होऊन तो गेला.

काही आठवड्यांनी मी त्याची फाईल उघडली. दाखल झाल्यावर लगेच केलेल्या सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद वरच होता. त्यावर हिमोग्लोबिनच्या आकड्याभोवती निळ्या पेनाने गोल केलेला होता आणि खाली प्लेटलेटच्या आकड्याभोवती दुसरा. रक्त पातळ करणारी औषधे द्यायची तर हे दोन आकडे पाहावेच लागतात, हे मला नंतर समजले. या दोन गोलांच्या मधल्या ओळींवर पेन टेकलेलेही नव्हते. तिथे लिहिले होते: पांढऱ्या पेशी १४,६००, न्यूट्रोफिल ८६ टक्के, त्यापुढे ठळक ‘एच’ म्हणजे जास्त, लिम्फोसाइट ८ टक्के, त्यापुढे ठळक ‘एल’ म्हणजे कमी. हे दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार आहेत. तिसऱ्या दिवशी थोडी कणकण आली म्हणून सीआरपी ही दाह दाखवणारी तपासणी झाली होती आणि तिचा आकडा लिटरला ११८ मिलिग्रॅम आला होता. जंतुसंसर्ग आढळला नाही, ताप उतरला आणि तो कागद फाईलच्या मागच्या खिशात गेला. डिस्चार्ज कार्डावर यातले काहीही नाही. ‘रक्ततपासण्या: फाईलमध्ये पाहाव्यात’ एवढेच आहे.

८६ ला ८ ने भागले की पावणेअकरा येतात. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे हे गुणोत्तर निरोगी प्रौढ माणसात साधारणपणे एक ते तीनच्या दरम्यान असते. हा भागाकार करायला मला यंत्रही लागले नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे आकडे कोणी वाचले असते तर भाऊ वाचलाच असता, असा माझा दावा नाही. तसे सिद्ध करणारा पुरावा माझ्याकडे नाही आणि आपल्याकडेही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या माहितीचा मृत्यूच्या धोक्याशी संबंध असल्याचे आपल्याच क्षेत्रातील अभ्यास वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत, ती माहिती रुग्णाच्या फाईलमध्ये असूनही रुग्णापर्यंत, त्याच्या घरच्यांपर्यंत आणि त्याला पुढे तपासणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. ती पोहोचवण्याची जबाबदारी आजच्या व्यवस्थेत कोणाचीही नाही.

हे पत्र आपल्याबरोबर इतरही वाचतील, म्हणून मूळ गोष्ट थोडक्यात सांगते. धमनी उघडली की झटका संपला, अशी आम्हा सामान्य माणसांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याच सुमारास दुसरी एक घडामोड जोर धरत असते. रक्ताअभावी मेलेल्या स्नायूपेशी फुटतात, त्यांच्यातील द्रव्ये बाहेर पडतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा तिथे धाव घेते. यालाच दाह म्हणतात. काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे जमतात. मेलेला स्नायू साफ करणे हे त्यांचे काम असते, परंतु ते करताना त्या जी रसायने सोडतात त्यांनी शेजारच्या वाचलेल्या स्नायूलाही इजा होऊ शकते, आणि केसांहून बारीक रक्तवाहिन्या तुंबण्यातही त्यांचा हात असतो. मग मोठी धमनी मोकळी होऊनही पलीकडच्या स्नायूला पुरेसे रक्त मिळत नाही. त्यांच्यामागोमाग मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात, तंतू विणले जातात आणि काही आठवड्यांत व्रण पक्का होतो. ही सगळी प्रक्रिया आवश्यक आहे, तिच्यावाचून जखम भरणारच नाही. पण ती प्रमाणाबाहेर गेली किंवा वेळेवर शमली नाही तर हृदयाची भिंत पातळ होते, कप्पा ताणला जाऊन मोठा होतो आणि हृदय थकत जाते. याच काळात शरीरावरील ताणामुळे कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते आणि रक्तातील लिम्फोसाइट घटतात. म्हणजे या गुणोत्तरात वरचा आकडा दाहाचा आणि खालचा आकडा शरीराने सोसलेल्या ताणाचा असतो. दोन्ही एकाच वेळी बिघडले की गुणोत्तर झपाट्याने वाढते.

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते आणि ते तयार करण्याचा संदेश मुख्यतः इंटरल्युकिन-६ या रेणूकडून येतो. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा आढळले १९३० मध्ये, म्हणजे ही तपासणी काही नवलाईची नाही. झटक्यानंतर काही तासांत ते वाढू लागते, दोन-तीन दिवसांत शिखर गाठते आणि कारण शमले की लवकर उतरते; रक्तातील त्याचे अर्धायुष्य साधारण १९ तासांचे आहे. भावाचा ११८ हा आकडा म्हणूनच शिखराच्या आसपासचा होता. हे शिखर जितके उंच तितका पुढे हृदय निकामी होण्याचा आणि मृत्यूचा धोका अधिक, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अस्थिर अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून विश्रांतीतही छातीत दुखणाऱ्या, रुग्णांमध्ये सीआरपीचा पुढील धोक्याशी असलेला संबंध १९९४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तराबाबतही तेच आहे: झटक्यानंतर तातडीची अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले असता दाखल होतानाचे गुणोत्तर जास्त असलेल्यांमध्ये रुग्णालयातील आणि त्यानंतरचेही मृत्यू अधिक आढळले आहेत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की धोका मोजण्याच्या आपल्या सर्वमान्य पद्धतींत दाहाला जागाच नाही. ग्रेस या गुणांकनात वय, नाडीचा वेग, रक्तदाब, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, हृदय निकामी होण्याची लक्षणे, दाखल होताना हृदय बंद पडले होते का, ईसीजीतील बदल आणि ट्रोपोनिनसारख्या घटकांची वाढ, असे आठ घटक आहेत. हे सगळे महत्त्वाचेच आहेत. पण ट्रोपोनिन मुख्यतः किती स्नायू मेला ते सांगते; त्या मृत स्नायूला उरलेले शरीर कसे तोंड देत आहे, हे या आठांपैकी कोणताही घटक थेट सांगत नाही. यावर आपले उत्तर मला ठाऊक आहे. दाहदर्शक आकडा जोडल्याने भाकिताच्या अचूकतेत पडणारी भर बहुतेकदा थोडीच असते, असे आपण म्हणाल. ते मान्य. परंतु ज्या सीबीसीतून हे गुणोत्तर निघते ती झटक्याच्या प्रत्येक रुग्णाची, दाखल होताच, आधीपासूनच केली जाते. त्यासाठी आणखी एक सुई टोचावी लागत नाही, आणखी एक नळी भरावी लागत नाही. थोडी का असेना, पण जी भर काहीही न मागता मिळते ती नाकारण्याचे कारण मला समजत नाही.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. ज्या प्रश्नांची उत्तरे एव्हाना मिळायला हवी होती ती मिळवण्याची घाई कोणालाच दिसत नाही. धोक्याची रेघ कोणी तीनवर ओढली आहे, कोणी पाचवर, कोणी सहाच्याही वर. रक्त कधी घेतले, म्हणजे कळ आल्यावर दोन तासांनी की दहा तासांनी, यावर आकडा बदलतो, तरी कितीतरी निबंधांत ती वेळ नीट नोंदलेली नसते. स्टिरॉइड घेणारा, धूम्रपान करणारा, न्यूमोनिया झालेला आणि रक्ताचा विकार असलेला रुग्ण यांच्यात हेच गुणोत्तर वेगवेगळ्या कारणांनी बिघडते. बहुतेक अभ्यास एकेका रुग्णालयाच्या जुन्या फायली चाळून केलेले आहेत. या सगळ्या उणिवा मीही वाचल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण पुरावा अपुरा आहे म्हणून नोंद ठेवायची नाही, आणि नोंद नाही म्हणून पुरावा अपुराच राहणार, या चक्रात आणखी किती वर्षे जाणार? प्रत्येक रुग्णालयाने झटक्याची वेळ, रक्त घेतल्याची वेळ आणि हे आकडे एकाच साच्यात नोंदवले असते तर आज आपण रेघेच्या जागेवरून वाद घालत बसलो नसतो.

नोंदीने काय साधते हे आपल्यापेक्षा चांगले कोण जाणते? रुग्ण दारात आल्यापासून धमनी उघडेपर्यंतचा वेळ ९० मिनिटांच्या आत असावा, असे उद्दिष्ट आपणच ठरवले, तो प्रत्येक रुग्णामागे लिहायला लावला, आणि तो कमी झाला. माझ्या भावाची धमनी ७० मिनिटांत उघडली त्यामागे त्या लिहिण्याची शिस्त आहे. परंतु याच संदर्भात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक मोठा अभ्यास आपल्याला आठवत असेल. त्यात ९६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी होत्या. २००५ ते २००९ या काळात हा मध्यक वेळ ८३ मिनिटांवरून ६७ मिनिटांवर आला, पण रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण ४.८ टक्क्यांवरून ४.७ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास होते तिथेच राहिले. याची कारणे अनेक असू शकतात, आणि वेळ वाचवणे व्यर्थ आहे असा अर्थ त्यातून मुळीच काढता येत नाही. पण घड्याळाने जे देता येण्यासारखे होते त्याचा मोठा भाग मिळालेला आहे, आता धमनी उघडल्यानंतर स्नायूत काय चालते तिकडे तितक्याच शिस्तीने पाहायला हवे, एवढे तरी त्यातून म्हणता येईल.

तिसरी तक्रार रुग्णांना माहिती न देण्याची आहे. मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी एका डॉक्टरांनी प्रांजळपणे सांगितले की असा आकडा सांगितला की माणसे घाबरतात, आणि घाबरवून सांगायला उपचार तरी कुठे आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे, पण हा युक्तिवाद पटत नाही. पंपिंग ४५ टक्के आहे हे सांगताना कोणी कचरले नाही. कोलेस्टेरॉलचा आकडा तर प्रत्येक रुग्णाला पाठ असतो. माणसे आकड्याला घाबरत नाहीत, अर्थ न सांगता हातात दिलेल्या आकड्याला घाबरतात. आम्हाला कोणी एवढेच सांगितले असते की याच्या शरीराने हा झटका फार जोरात घेतला आहे, पुढचे काही आठवडे धाप, सूज आणि वजन यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा आणि यांपैकी काहीही वाढले तर सहा आठवड्यांची वाट पाहू नका, तर त्याची सुजलेली पावले पाहून आम्ही त्याला नुसते उशीवर पाय ठेवून झोपायला सांगितले नसते.

उपचार नाहीत, या विधानाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण ते पूर्ण खरे नाही आणि पूर्ण खोटेही नाही. २०१७ च्या कँटोस चाचणीत पूर्वी झटका आलेले आणि एचएस-सीआरपी, म्हणजे अतिसूक्ष्म पातळीही मोजणारी सीआरपी, २ किंवा त्याहून अधिक असलेले १०,०६१ रुग्ण होते. कॅनाकिनुमॅब या औषधाने कोलेस्टेरॉल न बदलता केवळ दाह कमी केला आणि १५० मिलिग्रॅमच्या मात्रेवर हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. मात्र एकूण मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक पडला नाही आणि जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. मेथोट्रेक्सेट या दाह कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या छोट्या मात्रेने काहीही साधले नाही. कोल्चिसिन या जुन्या, संधिवातात वापरल्या जाणाऱ्या औषधाने २०१९ च्या कोलकॉट चाचणीत ४,७४५ रुग्णांमध्ये घटनांचे प्रमाण ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आणले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण २०२४ च्या क्लिअर सिनर्जी या ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या त्याच औषधाने सीआरपी कमी होऊनही ९.१ टक्के विरुद्ध ९.३ टक्के, म्हणजे काहीच फायदा दिसला नाही. सीआरपी स्वतः रोगाचे कारण नसून खूण आहे, हे जनुकीय अभ्यासांनीही दाखवले आहे. त्याच पद्धतीच्या अभ्यासांनी २०१२ मध्ये इंटरल्युकिन-६ च्या मार्गाचा मात्र हृदयधमनीविकाराशी कारण म्हणून संबंध जोडला. खूण खाली आणणे आणि आजार खाली आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळते.

म्हणून मी आपल्याकडे कोणतेही औषध सरसकट देण्याची मागणी करत नाही. आणि हे पत्र वाचणाऱ्या रुग्णांनाही हात जोडून सांगते की दाह कमी करायचा म्हणून आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी झटक्यानंतर धोका वाढतो, आणि मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेल्यांना कोल्चिसिन घातक ठरू शकते.

पण औषधाखेरीजही करण्यासारखे पुष्कळ आहे. झटका शमल्यानंतरही शिल्लक राहिलेल्या दाहाचे तर फारच स्पष्ट चित्र आता समोर आहे. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे घेणाऱ्या ३१,२४५ रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात पुढील हृदयविकाराच्या मृत्यूचे भाकीत उरलेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा उरलेल्या दाहाने, म्हणजे एचएस-सीआरपीने, अधिक चांगले केले. अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीने २०२५ मध्ये आपल्या निवेदनातून एचएस-सीआरपी सर्वत्र मोजण्याचा पुरस्कार केला. असे असताना पाठपुराव्याला आलेल्या रुग्णाचे कोलेस्टेरॉल न चुकता मोजले जाते आणि हा आकडा कोणी मागतही नाही, हा भेद कशाच्या आधारावर? तंबाखू सुटली का, हिरड्यांचा जुना जंतुसंसर्ग आहे का, स्टॅटिनची मात्रा पुरेशी आहे का, व्यायामाचा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला का, हे प्रश्न असा आकडा समोर असला की आपोआप विचारले जातात. आणखी एक उदाहरण देते. २०२१ च्या एका चाचणीत २,५७१ रुग्ण होते, त्यांतील बहुतेक नुकताच झटका आलेले. त्यांना काही दिवसांतच फ्लूची लस दिली तेव्हा वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण ४.९ टक्क्यांऐवजी २.९ टक्के राहिले. भावाला लशीविषयी कोणी विचारलेही नव्हते. जंतुसंसर्गाने उसळणारा दाह नाजूक हृदयाला काय करू शकतो याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

झटक्याच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर दाखल होतानाचे न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर लिहिले जावे, त्याशेजारी कळ आल्याची आणि रक्त घेतल्याची वेळ असावी. सीआरपी झाली असेल तर तिचे शिखर आणि दिवसही त्याच ओळीत यावा. या आकड्यांचा अर्थ सांगणारी दोन वाक्ये रुग्णाच्या भाषेत असावीत, आणि हा धोक्याचा संकेत आहे, निदान नव्हे, हेही त्यात स्पष्ट असावे.

ज्यांचे आकडे फार वाढलेले आहेत त्यांना सहा आठवड्यांनी नव्हे, तर एक-दोन आठवड्यांत तपासणीला बोलवावे, आणि तोपर्यंत मधल्या दिवसांत फोनवरून धाप, सूज आणि वजन विचारले जावे. याने जीव वाचतातच असे सिद्ध झालेले नाही, हे मी पुन्हा लिहिते. पण एका लवकरच्या भेटीने कोणाचे नुकसान झाल्याचेही माझ्या ऐकिवात नाही. लवकर बोलावणे उपयोगी ठरते की नाही याची नीट चाचणी आपणच उभी करावी, कारण औषधांच्या चाचण्यांना जसा कंपन्यांचा पैसा मिळतो तसा फुकटच्या भागाकाराला कोणी देणार नाही.

झटक्यानंतर किमान चार आठवडे उलटून मूळ दाह शमला की एचएस-सीआरपी एकदा मोजावी. आकडा १० च्या वर आल्यास आधी जंतुसंसर्ग शोधावा आणि तपासणी पुन्हा करावी, २ किंवा त्याहून अधिक राहिल्यास कोलेस्टेरॉलइतक्याच गांभीर्याने रुग्णाशी त्याविषयी बोलावे. फ्लूची लस घरी सोडण्याआधी, हरकत नसेल त्या प्रत्येकाला द्यावी.

मार्गदर्शक तत्त्वांच्या पुढच्या आवृत्तीत या विषयाला स्वतंत्र परिच्छेद असावा. दाहदर्शक घटकांचा समावेश करायचा नसेल तर करू नका, पण का करत नाही, कोणता पुरावा मिळाल्यावर कराल आणि तो पुरावा गोळा करण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहून द्या. आणि या निमित्ताने महागड्या तपासण्यांची नवी यादी रुग्णांच्या गळ्यात पडू नये, याचीही काळजी घ्या. इंटरल्युकिन किंवा तत्सम तपासण्या संशोधनासाठी ठेवाव्यात. मी जे मागते आहे त्यातला मोठा भाग आधीच छापून फाईलमध्ये लावलेला असतो.

भावाच्या सीबीसीच्या त्या कागदाची प्रत, नाव झाकून, मी या पत्रासोबत संबंधित समित्यांना पाठवत आहे. तिच्यात दोन निळे गोल दिसतील. त्यांच्या मधल्या दोन ओळी पाहाव्यात आणि पुढच्या रुग्णाच्या कागदावर तिथे तिसरा गोल पडेल का, एवढे मला लेखी कळवावे. उत्तर तीन ओळींचे असले तरी चालेल.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची धाकटी बहीण